निरीक्षण क्रमांक चौदा

तुर्भ्याच्या इंदिरानगरात
रसायनाच्या कारखान्याची भिंत संपते
आणि चावा घेऊन टाकून दिल्यासारखा डोंगर सुरू होतो,
तिथली अंगणवाडी.
पत्रा, बारा बाय चौदा, सव्वीस मुलं, एक बाई.
कोपऱ्यात मी. मांडीवर टॅब, गळ्यात ओळखपत्र,
नऊ देशांच्या तुलनात्मक अभ्यासातलं
सगळ्यात खालचं माणूस : रोजावर.

दर वीस सेकंदांनी बीप.
बीप झाला की बघायचं मूल काय करतंय
आणि एका खणात टिचकी द्यायची.
बोलतंय. ऐकतंय. खेळतंय. रमलंय. वाट बघतंय.
काही करत नाही.
इतर.

प्रश्नावली कुठल्याशा थंड गावात जन्मली,
पुण्यात तिचं मराठी झालं.
प्रश्न एकतीस : ओले हातमोजे वाळत घालायची सोय आहे का?
मी वाचला. जसाच्या तसा वाचायचा, असा नियम.
मढवीबाईंचा खिचडीचा डाव हवेतच राहिला.
“लिही, चपला बाहेर ठेवतो.
पावसाळ्यात एखादं पोर दोन्ही डाव्या घालून घरी जातं.”

प्रश्न बत्तीस : शिक्षिका मुलांच्या मातृभाषेत बोलते का?
बाईंनी बोटं मोजली. वडारी, कानडी, भोजपुरी, बंगाली,
उर्दू, आमची आगरी.
“शी लागली हे मला सहाही भाषांत कळतं.
बाकीचं हळूहळू.”
याला खण नव्हता.

यल्लू धोत्रे, वय चार वर्षं दोन महिने.
निरीक्षण क्रमांक चौदा.
पाठ भिंतीला, फ्रॉकच्या ओट्यात खडी.
बीप. एक खडा इकडे.
बीप. एक तिकडे.
ती गोलात नाही, गाण्यात नाही,
तक्त्यावरच्या अननसाकडे तर नाहीच.
वीसपैकी सतरा वेळा मी लिहिलं :
काही करत नाही.

जुळणी तपासायला तोच व्हिडिओ
आयला नावाच्या बाईंनी पाहिला,
जिच्या खिडकीत म्हणे दुपारी तीनलाच अंधार पडतो.
तिने सतरा वेळा लिहिलं : रमलंय.
तेच सतरा बीप.
पुण्याहून फोन आला,
तुमचं प्रशिक्षण परत घ्यावं लागेल.
मी हो म्हटलं. रोज बुडाला असता.

दुसऱ्या दिवशी मढवीबाईंना व्हिडिओ दाखवला.
पदराला हात पुसून त्यांनी टॅब दूर धरला,
चष्मा घरी राहिला होता.
“अगं, हा ढीग पाऊण इंची. हा अर्धा. ही कच.
हिचा बाप खाणीवर चाळणीला होता.
खाण बंद पडली तेव्हा ही पोटात.
कुणी शिकवलं ते मला विचारू नकोस.”

प्रश्न एकोणीस आठवला :
वर्गीकरणासाठी साहित्य उपलब्ध आहे का,
उदाहरणार्थ रंगीत लाकडी ठोकळे?
मी ‘नाही’ दाबून पुढे गेले होते.

आता चूक सुधारायची म्हणून
मी ‘रमलंय’वर बोट नेलं,
तर बाईंनी मनगट धरलं.
“तेही नको लिहूस.
तीन महिने झाले, पोर इथे एक शब्द बोललेली नाही.
तुमची ती बाई म्हणते रमली,
तू म्हणतेस रिकामी.
ती घाबरलीय. घाबरलीय आणि निवडतेय.
दोन्ही.”

एका बीपला एकच खण.
उरलं ‘इतर’.
त्यात वीस अक्षरं मावतात,
काना-वेलांट्या, स्वल्पविराम, मोकळी जागा धरून.
मी टाइप करत गेले आणि यंत्र थांबलं :
घाबरलीय, तरी खडी निव

पुढे जाईना. मागचं काय खोडू?
बाहेर डंपर उलटा येत होता, त्याचाही बीप,
यल्लूने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

पाठवलं तसंच.
तिकडे भरदुपारच्या अंधारात
कुणीतरी दिवा लावून बसेल
आणि ‘निव’ म्हणजे काय
ते शोधत राहील.